रंगपंचमीनंतरचा मंगळवार

घुंगरांचा आवाज आला तेव्हा चारुलता एका हाताने नाकाशी पदर धरून, दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला लावून रस्त्याच्या कडेला उभी होती. फाल्गुनात नंदुरबारच्या बाजारात नाक मोकळं ठेवून कोणी बोलत नाही. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते आणि वारा फिरला की सगळं गाव खोकत हिंडतं. फोनवर कॉलेजातला एक मुलगा विचारत होता, रक्त द्यायला किती वाजता येऊ म्हणून. पिशवीत सुनेने, रंजनाने, लिहून दिलेली यादी होती, नातीच्या साखरपुड्याची: नारळ, सुपाऱ्या, हळकुंडं, ब्लाउजपीस अकरा. आणि काखेत वनहक्काच्या दाव्यांची फाईल, जी आता वीस वर्षांत तिच्या काखेचाच भाग झाली होती. शेजारच्या दुकानात डोंगरातला एक माणूस घुंगरं घेत होता. नाचणाऱ्यांच्या पायातली नव्हेत. कमरेला बांधायची, लिंबाएवढी, पितळेची. दुकानदाराने माळ उचलून एकदा जोरात हलवली, आणि तो जड, भरीव आवाज मिरचीच्या त्या तिखट हवेतून थेट तिच्यापर्यंत पोचला. फोनमधला मुलगा "हॅलो, हॅलो आजी" म्हणत राहिला. ती मनात बोटं मोजत होती. आज शुक्रवार. होळी पुढच्या गुरुवारी. म्हणजे उद्या होळीचं व्रत, पाळणी, बसणार. आणि नानीबाईच्या जमिनीची सुनावणी बुधवारी, होळीच्या आदल्या दिवशी, आणि त्या सुनावणीत साक्ष द्यायची होती डोंगरसिंगने, जो पाच वर्षांच्या नवसाने बुध्या, म्हणजे होळीत नाचणारा व्रतस्थ, होत होता, आणि यंदाचं त्याचं पाचवं वर्ष होतं.

पाळणीतला माणूस खाटेवर, खुर्चीवर बसत नाही, अंघोळ करत नाही, जमिनीवर निजतो. अंगाला राख फासून, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरं बांधून एका होळीवरून दुसऱ्या होळीवर पायी जातो. गाडीत बसत नाही. कचेरीचं तर नावच नको. हे तिला कोणी नव्याने सांगायला हवं होतं का? ज्या बाईने डोंगरातल्या शाळेत अकरा वर्षं काढली, जिला काठी गावच्या होळीचा उंच बांबू पहाटे कोणत्या अंगाला कलतो तेसुद्धा ठाऊक, तिने होळीच्या आदल्या दिवसाची तारीख मागून घेतली होती. मागून. तारीख आधी होती रंगपंचमीनंतरच्या मंगळवारची. मग गायत्रीचा साखरपुडा ठरला, गुरुजींनी मुहूर्त काढला तो नेमका त्याच मंगळवारी दुपारी साडेबाराचा, सुरतेहून येणाऱ्या पाहुण्यांना दुसरा दिवस जमेना. तिने घरी कोणाला काही न बोलता अर्ज लिहिला: "साक्षीदार वयोवृद्ध असून सदर दिवशी उपस्थित राहू शकत नाहीत, तरी सुनावणी आधी घेण्यात यावी." डोंगरसिंगला तिने विचारलंच नव्हतं. कचेरीनेही काही विचारलं नाही. तिच्या अक्षरातला अर्ज आला की तिथे कोणी फारसं विचारत नसे.

"पाच वाजता ये," तिने त्या मुलाला सांगितलं आणि नारळ न घेताच सरकारी दवाखान्याकडे वळली. चालताना तिला एकोणीसशे ऐंशी सालचा फाल्गुन आठवत होता, आठवत कसला, पायाखाली लागत होता. तेवीस वर्षांची होती ती, कळसाडीच्या कापूसवाल्या घरातली पोर, पहिली नेमणूक थेट सातपुड्यात. एक दिवस शाळेत कोणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चाळीस नावं. तिने निळ्या शाईने नेटकं चाळीस वेळा "गैरहजर" लिहिलं, असं पाच दिवस, आणि रिकाम्या वर्गात बसून कळसाडीला आईला पत्र लिहिलं की इथली माणसं शिकणार नाहीत. पाचव्या दिवशी दारात एक राखाडी उंच माणूस उभा राहिला. डोळ्यांभोवती चुन्याचे ठिपके, डोक्यावर सगळं रान. ती किंचाळणारच होती. तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "बाई, पोरं सगळी होळीत आहेत. तू इथे कोणाला शिकवते?" तो डोंगरसिंग. तेव्हा तिशीतला. हसला तेव्हा राखेला भेगा पडल्या. तो पुढे चालला, ती मागून, हातात चपला घेऊन, कारण तो अनवाणी होता आणि तिला चपला घालायची लाज वाटली. तेव्हा तिला माहीत नव्हतं. न कळण्याची चूक माणूस पुढे हसत हसत सांगतो. तिनेही ही गोष्ट शिबिरांतून, मोर्च्यांतून शंभरदा सांगितली होती. आताची गोष्ट तिला कोणाला सांगता येणार होती?

नानीबाई दवाखान्याच्या व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. तिची नात रविना आत होती. सिकलसेलचं दुखणं, दर काही आठवड्यांनी रक्त लागायचं, आणि रक्त देणारे गोळा करायचं काम चारुलताच्या मोबाईलवर चालायचं. नानीबाई सगळ्यांशी एकेरीतच बोलायची, डॉक्टरांशीसुद्धा.

"आली तू? पोरगा येतो का रक्तवाला?"

"पाच वाजता येईल." चारुलता तिच्या शेजारी खाली बसली. गुडघा कटकन वाजला. "नानी, आपली तारीख होळीच्या आदल्या दिवशी आहे, हे तुझ्या लक्षात आलं होतं?"

"माझ्या काय, सगळ्या पाड्याच्या लक्षात आलं."

"मग मला बोलली का नाहीस?"

नानीबाईने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने विचारलं होतं, सूर्य कोणत्या बाजूला उगवतो. "तू काढली ना तारीख. तुला होळी माहीत नाही का? आम्ही म्हटलं, बाईने काहीतरी बघितलं असेल."

"आणि डोंगरसिंगदादा? ते काय म्हणाले?"

"म्हातारा यंदा बसत नाही पाळणीला. टोप दिला पुतण्याला. म्हातारी रडली, चार वर्षं झाली, पाचवं मोडलं तर परत पहिल्यापासून धरावं लागतं म्हणे, आणि आता त्याच्यात पाच वर्षं उरली का? तर तो म्हणाला, बाईने आजवर आपल्याला वाईट दिवशी बोलावलं नाही. बोलावलं म्हणजे काम मोठं असेल. देव थांबेल, साहेब थांबत नाही." नानीबाईने कनवटीची तंबाखू काढली, मग दवाखाना आठवून परत खोचली. "माझ्या शेतासाठी मोडतो तो. मला बरं नाही वाटत, बाई. पण तू म्हणते म्हणून."

तू म्हणते म्हणून. चारुलताला वाटलं, हे तीन शब्द कमावायला तिला चव्वेचाळीस वर्षं लागली होती आणि ते खर्चायला एक पोस्टकार्डाएवढा अर्ज पुरला होता. आतून फिनेलचा वास येत होता. नानीबाईच्या पायांच्या टाचा तिच्या पायांशेजारी होत्या, चिरलेल्या, शेतातल्या मातीसारख्याच रंगाच्या. या मातीचा दावा दोनदा परत आला होता. कागद नाही. नवरा गेलेला, सासरा गेलेला. रान तोडून ते शेत कोणी केलं, कधीपासून कसलं, हे डोळ्यांनी पाहिलेला एकच माणूस जिवंत होता. कायद्यात म्हाताऱ्याचा जबाब पुरावा म्हणून चालतो. पण म्हाताऱ्याने येऊन बोलायला हवं, आणि ही शेवटची सुनावणी होती. तिला उगाचच वडिलांची लोखंडी पेटी आठवली. कळसाडीच्या घरात पलंगाखाली असायची, आत पिवळ्या फडक्यात बांधलेले सातबारे. वर्षातून एकदा वडील ते काढून उन्हात ठेवत, लोणच्याच्या फोडी ठेवाव्या तसे. आमचं हे रान पहिल्यांदा कोणी मोकळं केलं, असं तिने लहानपणी एकदा विचारलं होतं. वडील म्हणाले होते, "आपलंच शे ना ते, त्यात काय इचारनं?" आणि खरंच, त्यांना जन्मात कोणी विचारलं नाही. तिच्या सगळ्या पिढ्यांत कोणाला, आपण कुठे उभे आहोत, हे साक्षीदार आणून सांगावं लागलं नव्हतं.

ती उठली. "नानी, आज पाड्यावर कोणी जाणारं आहे?"

"भाचा जातो, चारच्या गाडीने."

"त्याच्याकडे निरोप दे. दादांना म्हणावं, उद्या पाळणीला बसा. टोप परत घ्या. बाईचं चुकलं म्हणावं."

"आणि तारीख?"

"तारीख मी बघते."

"ती आधीची? तुझ्या नातीचा साखरपुडा आहे ना तेव्हा?" नानीबाईला हेही ठाऊक होतं. बहुधा सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. चारुलताच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नानीबाई मात्र तिच्याकडे न पाहता आतल्या दाराकडे पाहत होती, आणि ते न पाहणंच तिला जास्त लागलं.

सोमवारी सकाळी ती तयार होऊन बसली होती. शनिवार-रविवार कचेरी बंद, ते दोन दिवस तिने घरात काढले ते अंगात बारीक ताप असल्यासारखे. रंजनाबरोबर जाऊन नारळ आणले, रक्तपेढीच्या शिबिराला दोन रक्तदाते कमी पडत होते ते मिळवून दिले, हॉलवाल्याला खुर्च्यांचं विचारलं. हात चालत होते. उमाकांत, तिचा नवरा, दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत ओट्यावर बसला होता.

"मास्तरीणबाई, तोंड काब उतरेल शे?"

"कचेरीमा जाई ऱ्हायनी. तारीख बदलाले."

"तूच ते बदलेल व्हती ना?" त्याला कळलं होतं तर. त्याने तेलाची वाटी खाली ठेवली. "मंग परत मंगळवार?"

"हा. मंगळवार."

"नातना साखरपुडा शे त्या दिवशी."

"माले ठाऊक शे."

"पाव्हनास्ले काय सांगू मी?"

"सांगा, आजी कचेरीमा शे."

उमाकांत हसला, पण ते हसू अर्ध्यावर थांबलं. "चाळीस वरीस व्हयनात, तेच सांगी ऱ्हायनू मी," तो म्हणाला आणि पुन्हा गुडघा चोळू लागला. तिला त्याच्याजवळ थोडं बसावंसं वाटलं. भावेशच्या, त्यांच्या मुलाच्या, मुंजीत ती धुळ्याला मोर्च्यात होती आणि संध्याकाळी पोचली तेव्हा मुलगा शेंडीवरून हात फिरवत झोपी गेला होता. तो आज चाळिशी ओलांडून गेला तरी कधीकधी जेवताना ते काढतो, हसत हसत, आणि भात कालवत राहतो. तिला ते हसणं कधी पचलं नाही. म्हणूनच या वेळी तिने ठरवलं होतं, नातीच्या वेळी नाही. या वेळी पहिली ओटी आजी भरणार. एवढ्या एका हट्टापायी तिने दुसऱ्याच्या देवाची तारीख मोडली होती. आणि चमत्कारिक हे, की तो हट्ट आजही तिला चुकीचा वाटत नव्हता. तो तसाच होता, छातीत, ऊबदार. फक्त तो तिला एकटीच्या खिशातून पुरा करायचा होता आणि तिने डोंगरसिंगच्या खिशात हात घातला होता. बसायला वेळ नव्हता. आठची गाडी गाठायची होती.

तापीपलीकडच्या कचेरीत पवन नावाचा कारकून होता, तिच्या मुलाहून लहान. त्याने तिचा अर्ज वाचला, मग इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, हे असं कुठे कोणी लिहितं का? ‘साक्षीदार आजारी’ लिहा ना. चालून जातं."

"ते आजारी नाहीत. आपल्या दोघांना खांद्यावर घेऊन डोंगर चढतील."

"मग ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहा. त्याच्यात सगळं बसतं. आख्खं सरकार त्याच्यात बसतं."

"मागच्या वेळी मी तसलंच लिहिलं, पवनभाऊ. आता आहे तसं जाऊ द्या आत."

अर्ज आत गेला. अर्जात होतं: "मागील अर्जात नमूद केलेले कारण खरे नव्हते. माझ्या घरच्या कार्यासाठी मी तारीख बदलून मागितली होती. बदललेली तारीख साक्षीदारांच्या होळीच्या पाळणीत येते. चूक माझी आहे, अर्जदार नानीबाई यांची नाही. तरी पूर्वीचीच तारीख कायम करावी." हे लिहिताना तिचं अक्षर बिघडलं नव्हतं. शाळेत फळ्यावर लिहावं तसं सरळ आलं होतं, आणि त्याचंच तिला नवल वाटलं. प्रांतसाहेब म्हणजे तिशीची एक तरतरीत मुलगी होती. तिने अर्ज दोनदा वाचला. पंखा वरून टकटक करत होता.

"बाई, तुमच्या अर्जाखाली मी न वाचता सही करते, हे तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"यापुढे वाचून करीन."

"करायलाच हवी."

"मंगळवार मोकळा आहे. अकरा वाजता. पण त्यानंतर ही फाईल माझ्याकडे राहणार नाही. साक्षीत जे येईल ते, येणार नाही ते नाही." तिने सही केली. चारुलता बाहेर आली तेव्हा तिला दम लागला होता. जिना तर उतरायचा होता, चढायचा नव्हता. अंगावरचं काहीतरी कायमचं काढून ठेवल्यासारखं झालं होतं, आणि उघड्या जागी वारा लागत होता. बरं वाटत नव्हतं. पण पाय नीट पडत होते.

घरी सांगितलं. रंजना हळकुंडं मोजून पुड्या बांधत होती, ती बांधत राहिली. शेवटी म्हणाली, "पहिली ओटी कोण भरणार?" चारुलता म्हणाली, तू भर. "मी आई आहे तिची, आई. तो मान आजीचा." गायत्री त्या आठवड्यात नाशिकहून आली. तिने आजीला स्वयंपाकघरात गाठलं.

"माझ्यासाठी खोटं लिहिलंस?"

"हो."

"आणि मग माझ्याच दिवशी परत खरं लिहिलंस."

"हो."

"आजी, निदान एकदा तरी तुझं टायमिंग माझ्या बाजूने असू दे ना गं!" ती हसली आणि हसताहसताच तिचे डोळे भरले, आणि ते तिने लपवले नाहीत. मग नाक पुसून म्हणाली, "साक्ष लवकर झाली तर?"

"साडेअकराला सुटले तर मुहूर्ताला पोचते."

त्या "तर"वर सगळं घर दहा-बारा दिवस जगलं. होळी झाली, रंगपंचमी झाली. रंजनाने ओटीचं ताट आजीच्या नावाने वेगळं काढून ठेवलं. मंगळवारी चारुलता मोरपंखी रंगाचं रेशमी लुगडं नेसून, केसांत गजरा माळून कचेरीला निघाली. भिकनची गाडी सांगितली होती. भिकन म्हणाला, "बाई, साडेअकराले उठन्यात ना, ते साडेबाराले हॉलना दारमा उतारी देसू. फक्त पुलावर उसाचा ट्रक आडवा येवाले नको." तापीवरचा पूल ओलांडताना तिने पाणी पाहिलं नाही, घड्याळ पाहिलं.

डोंगरसिंग कचेरीच्या आवारात आधीच येऊन बसला होता, शेजारी नानीबाई. पाळणी पुरी करून आला होता. अंघोळ झालेली, धुतलेला सदरा. पण कानामागच्या घड्यांत राख अजून होती. त्याने तिच्या लुगड्याकडे पाहिलं.

"बाई, तूच नवरी दिसते आज."

"नात नवरी आहे, दादा. मी करवली."

"मग इथे काय करते?" तो म्हणाला, आणि त्याला वाटलं त्यापेक्षा ते जास्त खोल गेलं.

आत लाकडी खुर्चीवर तो ताठ बसला. नियम असा की तो भिलीत सांगणार, चारुलता मराठीत सांगणार, पवन लिहिणार. तिला वाटलं होतं, पाच प्रश्न, पाच उत्तरं. नानीबाईच्या सासऱ्याला ओळखता का? ते शेत कधीपासून कसतात? पण डोंगरसिंगने प्रश्न ऐकून घेतला आणि डोळे मिटून शेताच्या बांधावर चालायला लागला. त्यांच्याकडे जमीन अशीच सांगतात. उगवतीच्या कोपऱ्यापासून निघायचं, झाडा-झाडाने, दगडा-दगडाने, आणि फिरून त्याच कोपऱ्यात यायचं; जिथे माणूस बोलायचा थांबला तिथवरच शेत, पुढचं त्याने सोडलं असं धरतात. महुवाच्या झाडापासून तो निघाला. हे झाड नानीच्या सासऱ्याच्या लग्नात एवढं होतं. त्याच्या खाली त्यांनी पहिल्या वर्षी मोर, म्हणजे वरईसारखं धान्य, पेरलं, भगर आली. मग तो मोठा दगड, त्याच्याआड वाघीण व्यायली होती, त्या साली त्या बाजूला कोणी नांगर धरला नाही. मग सागाची खोडं, तीन, ती उपटताना सासऱ्याचं बोट गेलं. चारुलता वाक्यामागून वाक्य मराठीत आणत होती. पवनचा पेन चालत होता. तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जायची, साडेअकरा, आणि परत यायची. तिच्या मनात हॉल होता, पाटावर बसलेली गायत्री, रंजनाने काढलेलं ताट. पिशवीतला मोबाईल दोनदा थरथरला. पावणेबारा. मावळतीचा बांध संपत आला. तिथे एक मूल पुरलेलं आहे, डोंगरसिंग म्हणाला, नानीच्या नवऱ्याचा भाऊ, आणि थांबला. डोळे मिटलेले. नानीबाईने पदर तोंडाशी नेला.

प्रांतसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग चारुलताच्या गजऱ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं. अर्ज त्यांनीच वाचला होता. त्या हळूच, मऊपणे म्हणाल्या, "बाई, हे पुरेसं आहे असं वाटतं. त्यांचं म्हणणं झालं का?"

भिली आणि मराठी दोन्ही नीट येणारी त्या खोलीत एकटी चारुलता होती, आणि ज्याच्या तोंडची साक्ष होती त्या म्हाताऱ्याला प्रश्नातलं मराठी नीट कळलं नव्हतं. नानीबाईचंही तिकडे लक्ष नव्हतं. "झालं" एवढा एक शब्द. खोटासुद्धा नव्हता तो, म्हातारा थांबलाच होता. खाली भिकनने गाडी सावलीत, तोंड रस्त्याकडे करून लावली होती. पूल मोकळा असला तर पहिली नाही, दुसरी ओटी तरी. राहिला होता तो ओढ्याकडचा बांध, नानीबाईच्या शेतातली खरी पिकणारी पट्टी, जिच्यावर दोन्ही वेळा दावा अडला होता. चारुलताने पिशवीतला मोबाईल काढला, त्यावर गायत्रीचं नाव उजळलेलं होतं, तो बंद केला आणि टेबलावर उपडा ठेवला.

"नाही साहेब," ती म्हणाली. "तीन बाजू झाल्या. चौथी राहिलीय. त्यांना वेळ लागेल, त्या जागेला ते थांबतातच." मग ती डोंगरसिंगकडे वळली, खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली आणि त्याच्या भाषेत, घाई नसलेल्या माणसासारखी म्हणाली, "चला दादा, ओढ्याकडे."